निळ्या पिशवीतले बूट

नवे बूट घ्यायचे, आणि पटले नाहीत तर परत करता येतील अशा बेताने वापरायचे, एवढंच आमच्या सिक्स्टनने ठरवलं होतं. त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण नगरपालिकेच्या पाणी खात्यात उभा जन्म टेबलामागे काढलेल्या माणसाने एखादी साधी गोष्ट ठरवली, की तिला पोटनियम फुटतात आणि त्या पोटनियमांना पळवाटा फुटतात. लोकांना आयुष्यभर नियम दाखवून परत पाठवलं, तेव्हा एखादा नियम आपल्यालाही कधी वाकवून बघावा, असं त्याला वाटलं असणार.

मूळ दुखणं टाचेचं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. (खिळा, आणि तोही गंजलेला, असं तो सांगे. गंजलेला कशावरून, हे विचारायच्या फंदात कोणी पडत नसे.) दिवसा जरा बरं वाटे, पण एका जागी उभं राहिलं की तासा-दोन तासांत कळ परत हजर. दवाखान्यातल्या बाईंनी गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायला सांगितली, पोटऱ्या ताणायला सांगितल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "एका जागी फार वेळ उभे राहू नका."

नेमकं तेच त्याला जमणारं नव्हतं. आमच्याकडे सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला की निम्मं गाव मूसच्या शिकारीला जंगलात असतं. मूस म्हणजे घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचं हरीण. त्यातल्या नराला आम्ही बैलच म्हणतो. कुत्रा त्याला उठवतो, आणि टोळीतला प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या जागी बंदूक घेऊन मुका उभा राहतो. टोळीप्रमुखाने 'संपलं' म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही, हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.

सिक्स्टनची जागा म्हणजे दलदलीच्या कडेचा एक सपाट दगड. त्याआधी त्यावर त्याचे वडील उभे राहत. दगडात दोन उथळ खळगे आहेत. ते वडिलांच्या पावलांनी पडले असं सिक्स्टन म्हणतो. बाकीचे म्हणतात, बर्फाने पडले. तिथे स्टूल टाकून बसलं तर समोरच्या झुडपांपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून उभंच राहावं लागतं. वडिलांचं घर विकलं गेलं, बोट कुजली, तेव्हा सिक्स्टनला फारसं काही वाटलं नाही. दगड मात्र त्याचा होता. वर्षातून एक आठवडा त्यावर उभं राहिलं की म्हातारा शेजारी उभा आहे असं त्याला वाटे, आणि हे त्याने बायकोखेरीज कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तो दगड आता जायच्या बेतात होता. आदल्या वर्षी पाय असह्य झाले म्हणून त्याने उजवा बूट काढला, थर्मास आडवा केला आणि त्यावर तळवा घोळवत बसला. तेवढ्यात एक मादी आणि तिचं पाडस समोरून निघून गेलं. सिक्स्टनला त्यांचा फक्त वास आला. त्याच्याही आदल्या वर्षी तो लंगडत लंगडत गाडीपर्यंत जाऊन आला होता, आणि तेही टोळीप्रमुखाला कळलं होतं. टोळीप्रमुख हिल्डिंग हा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. बहिणीच्या नवऱ्याला सांभाळून घ्यावं ही जगाची रीत आहे, पण हिल्डिंगची रीत वेगळी होती.

"दाजी," तो म्हणाला होता, "पाय तुमचे आहेत, दगड टोळीचा आहे. यंदा माफ. पुढच्या वर्षी काही झालं तर तिथे दुसरं माणूस उभं राहील."

म्हणून बूट. आता सिक्स्टनने त्याआधी बूट घेतले नव्हते असं नाही. जिन्याखालचं कपाट बुटांनी भरलेलं होतं. एक जोड स्वस्त रबरी, आत टाच बेडकासारखी उड्या मारते म्हणून बाद. एक जोड जाड चामड्याचा, तो वाकायलाच तयार नाही. एक इतका मऊ की दलदलीतला प्रत्येक खडा नाव-गावासकट कळतो. एक लष्कराच्या जुन्या मालातला, तो का घेतला हे त्यालाही सांगता येत नसे. प्रत्येक जोड दुकानाच्या गालिच्यावर चार पावलं चालून 'वा' म्हणत घेतलेला, आणि प्रत्येक जंगलात दुसऱ्या तासाला वैरी झालेला.

गुनवोरने, म्हणजे त्याच्या बायकोने, एक दिवस कपाटातली केरसुणी काढायला दार उघडलं आणि तिच्या अंगावर चार बूट आले.

"सिक्स्टन," ती म्हणाली, "आता एकच जोड घे. शेवटचा. त्यानंतर या घरात बूट येणार नाही."

सिक्स्टनने मान डोलावली. बायको काय म्हणाली ते त्याने ऐकलं. तिला काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहून गेलं. संसारात बहुतेक अपघात असेच होतात.

तालुक्याच्या गावी शिकारीच्या सामानाचं दुकान आहे. तिथल्या मुलीने त्याला पहिल्या दिवशी चक्क परत पाठवलं. "सकाळी बूट बघू नका. संध्याकाळी या, पाय सुजलेले असतात तेव्हा. आणि जे मोजे जंगलात घालता तेच घालून या." संध्याकाळी तो लोकरीचे मोजे आणि दवाखान्याने दिलेला, बुटात टाचेखाली घालायचा उंचवटा घेऊन गेला. तिने बुटांमधले पातळ तळ काढून तो उंचवटा बसवला, बोटांपुढे अंगठाभर जागा आहे ना ते दाबून पाहिलं, एक नंबर मोठा जोड दिला. बूट चवड्यापाशी वाकत होता, मध्ये नाही. टाच आत गच्च, बोटं मोकळी. मांडणीत ठेवलेला जोड होता, नाकावर एक चरा होता, म्हणून किंमतही निम्म्याजवळ आली होती.

"कसं वाटतंय?" मुलीने विचारलं.

"आत्ता छानच वाटतंय," सिक्स्टन कडवटपणे म्हणाला. "आत्ता मला सगळेच छान वाटतात. हे सहाव्या तासाला कसे वाटतील ते सांगा."

"ते कसं सांगणार? तीस दिवसांत परत करता येतील. फक्त बाहेर घातलेले नकोत." तिने मागच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"बाहेर घातलेत हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"तळवा बघतो आम्ही. माती लागलेली, घासलेला."

"म्हणजे सगळं तळव्यावर आहे," सिक्स्टन म्हणाला. ज्या आवाजात तो लोकांना 'अर्जावर सही नाही' असं सांगे, त्याच आवाजात. मुलीला यात काही वावगं वाटलं नाही. बिचारीला पाणी खातं माहीत नव्हतं.

घरी येईपर्यंत त्याचा पेच पक्का झाला होता. बूट चांगले की वाईट हे फक्त दगडावर सहा तास उभं राहून कळणार. दगडावर उभं राहिलं की परत करता येणार नाहीत. आणि परत करता आले नाहीत आणि चावले, तर कपाटात अजून एक जोड, गुनवोरची नजर, आणि जन्मभर लंगडणं. घरात घालून सहा तास उभं राहावं म्हटलं, तर घरात बूट घालणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचा आहे. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

उत्तर मिळालं दवाखान्यात. तिथे दारातच एक टोपली असते, तिच्यात निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. आपले बूट न काढता त्यावर पिशवी चढवायची, वर इलॅस्टिक असतं, म्हणजे दवाखान्याची फरशी स्वच्छ राहते. सिक्स्टन ती पिशवी दर महिन्याला चढवत आणि उतरवत आला होता. त्या दिवशी तो टोपलीसमोर थबकला. फरशीला बुटाची माती लागू नये म्हणून पिशवी. मग बुटाला जंगलाची माती लागू नये म्हणूनही तीच पिशवी का नको? (इतका आनंद त्याला साखरपुड्यातही झाला नव्हता. साखरपुड्यात पाय दुखत होते.) इकडे-तिकडे बघून त्याने मूठभर पिशव्या खिशात कोंबल्या.

सोमवारी पहाटे टोळी झोपडीपाशी जमली. हिल्डिंगने नियम वाचले, ते सगळ्यांना पाठ होते. सिक्स्टनच्या पायात जुने रबरी बूट होते, नवे पाठीवरच्या पिशवीत. गुनवोर कुत्र्याला घेऊन निघाली. टोळीतल्या सगळ्यात चांगल्या कुत्र्याच्या मागे चालायचं काम तिचं, आणि तिच्यासारखं चालणारं दुसरं कुणी नाही. जाताना ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "दलदलीच्या वरच्या अंगाला एक मोठा बैल आहे. काल पाऊलखुणा बघून आले. तुझ्या दगडाकडे काढायचा प्रयत्न करते. तू फक्त उभा राहा."

"राहतो," सिक्स्टन म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

दगडाशी पोचल्यावर त्याने जुने बूट झुडपामागे ठेवले, नवे चढवले, प्रत्येकावर दोन-दोन निळ्या पिशव्या ओढल्या आणि वडिलांच्या खळग्यांत उभा राहिला. पहिली थंडी पडून गेलेली, दगडावरच्या शेवाळावर दंव पांढरं झालेलं. कानात हिल्डिंगचा वायरलेस.

पहिला तास गेला. टाच गप्प. दुसरा तास गेला. टाच गप्पच. आता कळ येईल, आता येईल, म्हणून सिक्स्टन वाट बघत राहिला. पाहुणा यायचा म्हणून सकाळपासून नटून बसावं आणि तो येऊच नये, तशी त्याची गत झाली. त्याने उजव्या टाचेवर भार देऊन पाहिला. काही नाही. डाव्या टाचेवर दिला. काही नाही. तिसऱ्या तासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या दगडावर पाय विसरून उभा होता. समोरची दलदल, पलीकडचे देवदार, वर चाललेले बगळे, हे सगळं त्याने जणू आजच पाहिलं. वडिलांना हे रोज दिसत असणार, असं त्याला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

आता शहाण्या माणसाने इथे काय करावं? बूट उत्तम आहेत हे कळलं, आता परत द्यायचे नाहीत, तर पिशव्या काढून खिशात टाकाव्यात. एवढा सोपा विचार त्याला शिवला नाही. परीक्षा सहा तासांची ठरली होती, आणि परीक्षा पुरी व्हायच्या आत निकाल लावायची पाणी खात्यात पद्धत नव्हती.

लांबून कुत्र्याचं भुंकणं आलं. एका जागी, एका लयीत. म्हणजे बैल अडवलेला. मग भुंकणं तुटलं आणि सरकू लागलं. कानात हिल्डिंग कुजबुजला, "बैल दगडाकडे येतोय. दाजी, आता श्वाससुद्धा हळू घ्या."

सिक्स्टनने श्वास हळू घेतला. झुडपं हलली आणि बैल बाहेर आला, उजवीकडून येईल असं वाटलेलं तो डावीकडून. एवढी शिंगं त्याने वडिलांच्या वेळेनंतर पाहिली नव्हती. बैल थांबला, आडवा उभा राहिला, फोटो काढून घ्यायला आल्यासारखा. नेम धरायला सिक्स्टनला फक्त अर्धं पाऊल वळायचं होतं.

तो अर्धं पाऊल वळला. निःशब्द जंगलात चार प्लास्टिकच्या पिशव्या एकदम बोलल्या. बैलाचे कान उठले. सिक्स्टन घाबरून पाय मागे घ्यायला गेला, आणि दंवावर प्लास्टिक म्हणजे काय ते त्याला तेव्हा कळलं. पाय पुढे गेले, बूड दगडावर आलं, आणि दोन निळे पंजे आभाळाकडे झाले. बैलाने त्या पंजांकडे नीट पाहिलं. त्याच्या आयुष्यात त्याने लांडगे पाहिले असतील, अस्वलं पाहिली असतील; हे नव्हतं पाहिलं. तो वळला आणि आल्या वाटेने गेला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो असा डोळ्यांदेखत जातो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"दाजी?" कानात हिल्डिंग. "काय झालं? आवाज कसला आला? पावाची पिशवी सोडत होतात का?"

सिक्स्टन पडला तिथेच पडून राहिला. त्याला उठायचंच नव्हतं.

आधी कुत्रा आला, पिशव्यांचा वास घेऊन शिंकला आणि बैलामागे पळाला. मग गुनवोर आली. मांडीपर्यंत भिजलेली, गालावर फांदीचा ओरखडा, पहाटेपासून दलदल तुडवून तिने तो बैल इथवर आणला होता. तिने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं.

"हे दवाखान्यातले?"

"हो."

"का?"

"तळव्याला माती लागू नये म्हणून. परत करता आले पाहिजेत ना. तूच म्हणालीस, शेवटचा जोड."

गुनवोर दगडाच्या कडेला बसली. "अरे, शेवटचा म्हणजे चांगला घे, असं म्हणत होते मी. स्वस्त-स्वस्त करून दहा जोड घेण्यापेक्षा एकदाच काय ते पैसे घाल आणि पाय सुखी कर. परत कर असं कोण म्हणालं होतं तुला?"

"मला वाटलं—"

"विचारायचं होतंस. एका घरात राहतो आपण." ती चिडली असती तर सिक्स्टनला चाललं असतं. ती चिडलेली नव्हती, दमलेली होती, आणि ते त्याला फार लागलं. "बरं, बूट कसे आहेत?"

"स्वर्ग आहेत," सिक्स्टन म्हणाला.

दुपारी शेकोटीभोवती टोळी बसली, सॉसेज भाजले, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे पडले. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे माणसाला बोलत नाहीत, त्याच्यासमोर गप्प बसतात. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या. शेवटी तुरे नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थाने सॉसेज फिरवता फिरवता विचारलं, "ऑपरेशन बैलाचं होतं, की तुझं?" मग सगळे हसले, आणि सिक्स्टनही हसला, कारण दुसरं काय करणार.

हिल्डिंग हसला नाही. "उद्या दगडावर दुसरं माणूस."

"हिल्डिंग, अरे, पाय दुखत नाहीत आता माझे," सिक्स्टन अजिजीने म्हणाला. "खरंच नाही दुखत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत्ता तर मी उभा राहू शकतो. पिशव्या टाकून देतो, उद्या पुतळ्यासारखा उभा राहतो. तिथे माझे वडील..."

"पायांबद्दल मी कधीच काही म्हटलं नाही, दाजी," हिल्डिंग म्हणाला. आवाज मऊ होता, पण निर्णय मऊ नव्हता. "पाय बिचारे काय करतील? त्यांना वरून हुकूम येतो."

दुसऱ्या दिवशी पाळी दुसऱ्या कुत्र्याची होती, म्हणून गुनवोर मोकळी होती. दगडावर तिला उभं करायचं ठरलं. सिक्स्टनला झोपडीत वाटाण्याचं सूप करायला ठेवलं. सकाळी दारात गुनवोर आपले ओले बूट हातात घेऊन उभी राहिली. ते कालचे अजून वाळले नव्हते.

"तुझे नवे नेऊ का?" तिने विचारलं. "तुला आत लागणार नाहीत."

सिक्स्टनने स्वतः वाकून तिच्या पायात ते चढवले. तिची पावलं तशी मोठीच, त्यात दोन जोड मोजे; बूट बसले. "उजवीकडून येईल असं वाटतं," तो लेस बांधता बांधता म्हणाला, "पण तो डावीकडून येतो. आधीच वळून उभी राहा."

"बरं."

"आणि खळग्यांत उभी राहा. तिथे पाय चांगले टेकतात." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली.

दिवसभर सिक्स्टन मोज्यांवर चुलीपुढे उभा राहिला. झोपडीची जमीन दगडी, थंड. दहा वाजेपर्यंत टाच जागी झाली आणि कालचं सगळं व्याजासकट वसूल करू लागली. खिडकीत वायरलेस ठेवला होता. जेवणाच्या सुमाराला लांबून एकच बार ऐकू आला, आणि मग वायरलेसवर हिल्डिंगचा आवाज, ज्यात सिक्स्टनने इतकं कौतुक कधी ऐकलं नव्हतं.

"शाब्बास. त्या दगडावर इतकं स्तब्ध उभं राहिलेलं माणूस मी आजवर पाहिलं नाही. दाजींचा म्हातारासुद्धा नाही."

"माझं काही नाही त्यात," गुनवोर म्हणाली. "सगळं बुटांचं आहे. इथे संध्याकाळपर्यंत उभं राहायला लावलंत तरी राहीन."

सिक्स्टनला आनंद झाला. खरंच झाला, बायकोला बैल मिळाला म्हणून कोणाला होत नाही? पण तो आनंद एका पायावर उभा होता. त्याने पळी ठेवली आणि टाच हातात धरून चोळत बसला.

संध्याकाळी टोळी आली. हिल्डिंगने दोन ताटल्या सूप संपवलं, तोंड पुसलं आणि मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, जागा पक्की झाली," तो म्हणाला. सिक्स्टनने आशेने वर पाहिलं. "पुढच्या वर्षीपासून सूप तुमचं. आणि स्टूल आणून घ्या एक. इथे बसून चालतं, आणि कितीही हललात तरी सूप पळून जात नाही."